सासूबाई घरी होत्या, पण घराला ते माहीत नव्हतं

मोठी पोस्ट आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा. इथल्या बऱ्याच जणांनी एवढ्यात नवीन घर घेतलंय, त्यामुळे कुठला थर्मोस्टॅट, कुठला स्पीकर, मुलं घरी पोचली की फोनवर कळवणारं काय घ्यावं, असे प्रश्न सारखे येत असतात. आजवर मी त्यांना दोन ओळींत उत्तरं देत आले, आणि बहुतेक वेळा "घेऊन टाका, मस्त आहे" असंच म्हटलं. यंदा आमच्याकडे दोन प्रसंग घडले आणि माझं मत बदललं. ज्यांना मी "घेऊन टाका" म्हटलं त्यांच्यासाठी तरी हे लिहायला हवं.

पहिला प्रसंग जानेवारीतला. आम्ही रेडिंगला राहतो. सासूबाई ऑक्टोबरात साताऱ्याहून आल्या होत्या, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. नोव्हेंबरअखेरच्या सेलमध्ये आम्ही नवा स्मार्ट थर्मोस्टॅट घेतला होता. घरातले सगळे बाहेर पडले की हीटिंग आपोआप बंद, आणि कोणी घराच्या जवळ आलं की आपोआप सुरू. पहिलं गॅसचं बिल खरोखरच कमी आलं. मी सीए बाई, लगेच एक्सेल उघडून मागच्या वर्षीच्या डिसेंबरशी तुलना केली आणि नवऱ्याला ऐकवलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

त्या दिवशी बाहेर दोन-तीन डिग्री होतं. मुलं शाळेत, नवरा ऑफिसला, मी लंडनला निघालेले. स्टेशनवर गेले तर सिग्नलचा काहीतरी घोळ, गाड्या रद्द. तासभर प्लॅटफॉर्मवर उभी राहून परत फिरले. थंडीत फोनची बॅटरीही संपली होती. साडेअकराला दार उघडून आत आले तर सासूबाई हॉलमध्ये सोफ्यावर. अंगात स्वेटर, त्यावर शाल, त्यावर माझा जुना कोट, कानाला मफलर आणि मांडीवर हळदीच्या दुधाचा रिकामा पेला. घर गारढोण.

मी म्हटलं, "आई, अहो हीटिंग कसं काय बंद? तुमच्याकडून चुकून काही दाबलं गेलं का?"

"मी कशाला हात लावू बाई? तुम्ही सगळे गेलात की ते बंद होतं. रोजच होतं. लेक शाळेतून यायच्या आधी परत चालू होतं. मला वाटलं तुमची पद्धतच तशी असेल. बिलं फार येतात म्हणत होतीस ना."

रोजच! दीड महिना! आणि आम्हाला कोणालाच पत्ता नाही, कारण आमच्यापैकी कोणीही घराजवळ आलं की घर गरम व्हायला लागायचं. आम्हाला कायम उबदार घरच भेटायचं. त्या दिवशी माझा फोन मेलेला होता म्हणून मी येतेय हे घराला कळलं नाही, आणि म्हणून मला ते जसं होतं तसं सापडलं.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगते, कारण मला स्वतःला ते तेव्हा नीट माहीत नव्हतं. उपग्रह, मोबाइलचे टॉवर आणि आसपासची वायफाय यांवरून फोन आपली जागा ठरवतो. ॲपमध्ये आपण घराभोवती नकाशावर एक वर्तुळ काढलेलं असतं, साधारण शंभर-दोनशे मीटरचं. त्याला जिओफेन्स म्हणतात, म्हणजे कुंपणच. फोन त्या कुंपणाच्या आत आला किंवा बाहेर गेला की कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, सर्व्हर आपल्या थर्मोस्टॅटला कळवतो, थर्मोस्टॅट बॉयलरला. आमच्या घराच्या यादीत तीन फोन होते: माझा, नवऱ्याचा आणि लेकीचा. तिन्ही बाहेर गेले की "घरी कोणी नाही". धाकट्याकडे फोन नाही. सासूबाईंच्या फोनवर भारतातलं सिम, त्यावर व्हॉट्सॲप आणि अभंगाचे व्हिडिओ, एवढंच. म्हणजे पाच माणसांच्या घरात दोन माणसं हिशेबातच नव्हती.

आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी मला पुण्याला मार्केट यार्डातल्या एका गोडाऊनमध्ये स्टॉक मोजायला पाठवलं होतं. मी तिथल्या मुनीमजींचं रजिस्टर घेऊन छान टिक मारत बसले होते. सरांनी येऊन रजिस्टर बंद केलं आणि म्हणाले, "हे त्यांनी लिहिलंय. तू पोती मोज." वीस-बावीस वर्षं हे वाक्य मी माझ्या हाताखालच्या मुलांना ऐकवत आलेय. आणि माझ्याच घरात दीड महिना मी रजिस्टरवर टिक मारत बसले. ती बचत कुणाच्या अंगावर निघाली, हे माझ्या एक्सेलच्या कुठल्याही कॉलममध्ये नव्हतं.

लगेच दुरुस्ती करायला घेतली. कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने सरळ सांगितलं, सासूबाईंच्या फोनवर ॲप टाका. टाकायला बसलो. ईमेल हवा, पासवर्ड हवा, आणि मग प्रश्न आला की लोकेशन "नेहमी" वापरू द्यायचं का. मी "हो" दाबणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब. म्हणजे मी कुठं गेले ते यात दिसणार?"

"हो, पण आम्हालाच."

"आणि तू कुठं गेलीस ते मला दिसणार का?"

खरं सांगते, माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या दिसलं असतं. पण सासूबाईंच्या फोनवर माझा दिवसभराचा ठिपका फिरतोय ही कल्पना मला काही फारशी आवडली नाही, आणि ते बहुधा चेहऱ्यावर दिसलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग राहू दे. मी घरी असते हे सांगायला ॲप कशाला? मी असतेच."

मग आम्ही हालचाल टिपणारा सेन्सर लावला. तो साधा, स्वस्त, बॅटरीवरचा. शरीराची उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकली की त्याला कळतं. माणूस शांत बसला की त्याच्या लेखी संपला. सासूबाई दुपारी तास-दीड तास पोथी वाचत बसतात. वीस मिनिटांनी दिवा बंद. मग त्या हात हवेत हलवणार, दिवा लागणार, पुन्हा वीस मिनिटं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "तुमच्या घराला रोज ओवाळायला लागतंय."

शेवटी रडारवर चालणारा सेन्सर आणला. त्याला एमएमवेव्ह म्हणतात. तो प्लगला लावावा लागतो, थोडा महाग असतो, पण श्वासाबरोबर छाती हलते तेवढी हालचालही त्याला कळते. पोथी वाचणारा माणूस त्याच्या लेखी जिवंत असतो. कधी पडदा हलला तरी माणूस समजतो, पण ती चूक मला चालते. आमच्या धंद्यात प्रूडन्स म्हणतात, शंका असेल तिथे सावध बाजू धरायची. हीटिंगच्या बाबतीत सावध बाजू म्हणजे "कोणीतरी आहे" असं धरणं. आमच्या थर्मोस्टॅटने नेमकं उलटं धरलं होतं.

या सेन्सरचा गुण मला उशिरा लक्षात आला. हॉलमध्ये कोणीतरी आहे हे त्याला कळतं, कोण आहे ते कळत नाही. सासूबाई, धाकटा, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळे त्याला सारखे. हीटिंग चालू ठेवायला तेवढी माहिती पुरते. तीन माणसांचे चोवीस तासांचे ठिपके एका कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायची काही गरज नव्हती. घर उबदार ठेवायला मी केवढी माहिती देत होते! क्लायंटने पेट्रोलच्या पावतीबरोबर अख्खी डायरी पाठवावी तसं.

आता दुसरा प्रसंग. हा लिहायला जरा जड जातोय.

सासूबाई मार्चअखेर परत गेल्या. जूनमधली गोष्ट. लेक चौदाची, इयर नाइनमध्ये. धाकटा दहाचा. ती तिच्या शाळेतून निघाली की त्याच्या शाळेत जाते आणि दोघं चालत घरी येतात. तिचा फोन कुंपणाच्या आत आला की माझ्या फोनवर यायचं, "घरी पोचली". हे नोटिफिकेशन हीटिंगसाठी लागत नाही. ॲपमध्ये एक बटण होतं, फुकट होतं, मी ते चालू केलं. घरात त्यावर चर्चा वगैरे काही झाली नाही. हळूहळू सवय अशी लागली की पावणेचार वाजले की मीटिंगमध्ये असले तरी नजर फोनवर जायची. यायला दहा मिनिटं उशीर झाला की पोटात गोळा.

त्या गुरुवारी 3:52 ला "घरी पोचली" आलं. मी निर्धास्त. साडेपाचला घरी आले. धाकटा स्वयंपाकघरात टोस्टवर शेंगदाण्याची चटणी लावून खात होता. मी वर गेले, लेक खोलीत नाही. बाथरूममध्ये नाही. बागेत नाही. ॲप बघितलं तर "घरी". फोन लावला तर पॅसेजमध्ये चपलांच्या शेजारी पडलेल्या दप्तरातून रिंग वाजली.

पुढची वीस मिनिटं कशी गेली ते ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांना सांगायला नको. नवऱ्याला फोन, दोन मैत्रिणींच्या आयांना फोन, शाळेत फोन. शाळेचं ऑफिस बंद झालेलं. मधेच पुन्हा पुन्हा ॲप उघडून बघत होते, जणू ते आता वेगळं काही सांगणार आहे. शेवटी गाडीची किल्ली उचलली तेव्हा धाकटा म्हणाला, "आई, कुठे चाललीस?"

"ताईला शोधायला!"

"पण ती पार्कमध्ये आहे. कोपऱ्यावरच्या. मला सांगून गेली."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस. तू फोनलाच विचारत होतीस."

पार्कात गेले तर लेक बाकावर बसली होती, शेजारी तिची मैत्रीण. त्या मुलीचे डोळे सुजलेले. तिच्या घरी काय चाललंय ते इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. मी लांबूनच थांबले. लेकीने मला बघितलं, हाताने "पाच मिनिटं" केलं, आणि मी चक्क पाच मिनिटं थांबले. मलाच आश्चर्य वाटलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "फोन मुद्दाम ठेवून गेलीस का?"

थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हो. नेला असता तर तुला मी बाहेर गेलेली दिसले असते. तू फोन केला असतास. ती रडत असताना मला तो उचलून 'पार्कमध्ये आहे, हो, येते, नाही, कोणी नाही' करायला लागलं असतं. म्हणून त्याला सांगून गेले, आईने विचारलं तर सांग."

धाकट्याला दीड तास एकटं ठेवलं याबद्दल तिला बोलणी बसली, ती बसायलाच हवी होती. मुलाला कितव्या वर्षी एकटं ठेवावं हे इथल्या कायद्यात आकड्याने लिहिलेलं नाही, पण एनएसपीसीसीचा सल्ला स्पष्ट आहे: बाराच्या आतली मुलं जास्त वेळ एकटी राहण्याइतकी समजदार क्वचितच असतात. ते तिला मान्य झालं. पण फोनबद्दल तिचं जे म्हणणं होतं, त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी तिच्या जागेवर नजर ठेवली होती, म्हणून तिने जागा सांगणारी वस्तू घरी ठेवली. आणि खरा निरोप ठेवला तो माणसाकडे. मी त्या माणसाला विचारलं नाही.

नंतर मी यावर बरंच वाचलं. एक गोष्ट इतकी आवडली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. केंब्रिजला मायक्रोसॉफ्टची संशोधन शाळा आहे. तिथल्या लोकांनी 2000 नंतरच्या दशकात, आयफोन वगैरे घरोघरी यायच्या आधी, एक घड्याळ बनवलं होतं. "व्हेअरअबाउट्स क्लॉक". घरातल्या भिंतीवर किंवा ओट्याजवळ ठेवायचं. त्यावर घरातल्या माणसांची छोटी चित्रं, आणि माणूस कुठे आहे त्याप्रमाणे ती सरकायची. जागा फक्त चार: घर, काम, शाळा आणि इतरत्र. बस्स. रस्ता नाही, नकाशा नाही. फोनवरून जागा त्यांना कळत होती, पण त्यांनी ती जाणूनबुजून अशी ढोबळ ठेवली. काही कुटुंबांच्या घरी ते घड्याळ बराच काळ ठेवून बघितलं आणि 2007 मध्ये त्यावर निबंध लिहिला. लोक ते घड्याळ माहिती मिळवायला फारसं बघत नव्हते. मुलं शाळेत आहेत हे त्यांना माहीतच असायचं. येता-जाता एक नजर टाकायची, सगळे जिथे असायला हवेत तिथे आहेत, बरं वाटलं, पुढचं काम.

ज्यांची मुलं हॅरी पॉटरवाली आहेत त्यांना वीझलींच्या घरातलं घड्याळ आठवलं असेल. प्रत्येकाचा एक काटा, आणि तासांच्या जागी घर, शाळा, प्रवासात, हॉस्पिटल. सहाव्या पुस्तकात त्या घड्याळाचे सगळे काटे एकदम "जिवाला धोका" दाखवू लागतात, आणि बिचारी मिसेस वीझली ते घड्याळ घरभर बरोबर घेऊन फिरते. माझं फोनचं त्या जूनपर्यंत तसंच झालं होतं.

आणि मला आठवला आपला मिस्ड कॉल. मी पुण्याला शिकत असताना कोल्हापूरहून रविवारी संध्याकाळच्या एसटीने निघायचे. बाबा म्हणायचे, "पोचलीस की एक मिस्ड कॉल दे." दोन रिंगा, कट. एक पैसा खर्च नाही, एक शब्द नाही, आणि कोल्हापूरला दिवा बंद करून दोघं झोपायला मोकळे. तोही जागेवरून दिलेला निरोपच होता की! पण तो मी द्यायचे. मी पोचल्यावर आधी चहा प्यायला गेले तर तो दहा मिनिटं उशिरा जायचा, आणि ती दहा मिनिटं माझी असायची. आई-बाबांना माझी काळजी कमी होती असं तुमच्यापैकी कोणी म्हणेल का?

आता मुद्द्यावर येते. माझ्या मते आपण दोन वेगळी कामं एकाच ठिपक्याकडून करून घेतोय. घराला कळायला हवं की आत कोणी आहे का, कारण त्याला दिवा, बॉयलर, अलार्म चालवायचा आहे. त्याला नावाची गरज नाही. माणसांना एकमेकांना कळवायचं असतं की पोचले, उशीर होईल, पार्कात आहे. ते ज्याचं त्याने कळवावं. थर्मोस्टॅटसाठी दिलेली माहिती आई-बाप म्हणून आपण पाळतीला वापरतो, कारण ती आयती हातात येते. ऑफिसमध्ये कोणी पगारासाठी दिलेली माहिती भलत्याच कामाला वापरली तर मी ऑडिट रिपोर्टमध्ये लिहीन.

इथल्या नियमांमध्येही हे आहे, बहुतेक पालकांना माहीत नाही म्हणून सांगते. माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने, म्हणजे आयसीओने, मुलांसाठी एक संहिता काढली आहे. तिच्यात पंधरा कलमं आहेत आणि सप्टेंबर 2021 पासून कंपन्यांनी ती पाळावी अशी अपेक्षा आहे. तिच्यात म्हटलंय की मुलांच्या बाबतीत लोकेशन मुळात बंद असावं, चालू असेल तेव्हा मुलाला ते ठळकपणे दिसावं, आणि पालक नजर ठेवत असतील तर तेही मुलाला स्पष्ट कळावं. ही संहिता कंपन्यांसाठी आहे, आईसाठी नाही. पण कंपनीने माझ्या मुलीशी जेवढ्या सभ्यतेने वागावं अशी अपेक्षा आहे, तेवढं मीही वागले नव्हते.

याला विरोध होणार हे मला माहीत आहे. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, आपलं इथे काका-मामा कोणी नाही, शेजारी कधीकधी नावानेही माहीत नसतात. खरं आहे. माझा नवरा अजूनही म्हणतो की ठिपका दिसलेला बरा. रात्रीच्या गाडीने मुलगी एकटी येत असेल तर मलाही दिसायला हवाच. पण त्यासाठी व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आहे: पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास. पाठवणारा पाठवतो, वेळ संपली की आपोआप बंद. आयफोनवर 2023 पासून "चेक इन" आहे. निघताना चालू करायचं, घरी पोचलं की समोरच्याला कळतं, आणि वाटेत काही अडलं, उत्तर आलं नाही, तरच जागा वगैरे तपशील उघडतो. हा मला अगदी बाबांचा मिस्ड कॉल वाटला. कायमचा उघडा ठिपका आणि हे यात जो फरक आहे, तो माझ्या लेकीला मी न समजावता कळला.

आणि दुसरं, ठिपका फोनचा असतो. मूल बरोबर असेलच असं नाही. ज्या मुलाला आपल्याला चुकवायचं आहे, ते फोन घरी ठेवेल. माझी गुणी होती, तिने भावाला सांगितलं. सगळी सांगतील असं नाही.

सध्या आमच्याकडे काय आहे ते सांगते. हीटिंग रडारच्या सेन्सरवर आणि साध्या वेळापत्रकावर. फोनची कुंपणं काढून टाकली. "घरी पोचली" नोटिफिकेशन बंद. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर मुलं घरी आली की बोलतात, आणि तो निरोप माझ्या फोनवर येतो. लेक एक शब्द बोलते, "आलो." धाकटा मात्र रोजचा वृत्तांत देतो, आज डब्यातली भाजी कोणी खाल्ली, पीईच्या सरांनी काय म्हटलं, सगळं. दुपारी पावणेचारला तो आवाज ऐकायची मला इतकी सवय झाली आहे की त्याच्या शाळेच्या ट्रिपच्या दिवशी चुकल्यासारखं झालं. मीही ऑफिसमधून उशीर होणार असेल तर त्याच स्पीकरवर सांगते. सासूबाईंचा प्रश्न डोक्यातून गेला नव्हता, त्यामुळे नियम सगळ्यांना एकच: बाहेर जाणाऱ्याने सांगून जायचं. नवरा सगळ्यात जास्त विसरतो.

खरेदीबद्दल एकच सांगते. एप्रिल 2024 पासून इथे असली उपकरणं विकताना सुरक्षेचे अपडेट किती काळ देणार ते सांगणं बंधनकारक आहे. ती तारीख शोधा आणि पावतीवर लिहून ठेवा. ती संपली की त्या वस्तूची किंमत माझ्या लेखी शून्य.

अजून एक विषय राहतोय, पण तो मोठा आहे: भारतातले आपले आई-बाबा. दादाने मागे कोल्हापूरच्या घरी हॉलमध्ये कॅमेरा लावला, आईच्या काळजीपोटीच. दुसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल. दादा फोनवर चिडला तर आई म्हणाली, "वाळत घातलाय." आता तिथे कॅमेरा नाही. सकाळी ती चहा झाला की घराच्या ग्रुपवर एक कपाचं चित्र टाकते. आठ वाजेपर्यंत कप आला नाही तर दादा शेजारच्या काकूंना फोन करतो. तुमच्यापैकी कोणी आई-बाबांना विचारून काही बसवलं असेल तर कमेंटमध्ये लिहा, मला खरंच हवंय.

सासूबाई ऑक्टोबरात परत येतायत. परवा व्हिडिओ कॉलवर मी त्यांना नवा सेन्सर दाखवला, तुम्ही नुसत्या बसलात तरी घराला कळतं म्हणून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगलं केलंस. तरी पण मी दोन शाली आणते."